घरकुल मंजूर होतं, पण जोत्यापाशी अडतं: हिशोब, कागद आणि बांधकाम

कोरडवाहू

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात गावोगाव मंजुऱ्या निघाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राज्यात एकदम २० लाखांच्या आसपास मंजुरीपत्रं वाटली गेली. पत्र हातात पडल्यावर घरातल्या माणसांचे चेहरे उजळतात. पुढे मात्र बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दिसतं. जुनी खोली पाडलेली, नवं जोतं (पायाचा चौथरा) अर्धवट, कुटुंब ताडपत्रीखाली आणि डोक्यावर सावकाराचं व्याज. ज्या घराने कुटुंब सावरायचं, त्यानेच ते वाकतं.

म्हणून हा धागा. मंजुरीपासून गृहप्रवेशापर्यंत पैसा कुठे अडतो, काम कुठे बिघडतं आणि आधीच काय करून ठेवलं तर ते टळतं, एवढंच इथे लिहावं. योजना चांगली की वाईट हा वाद दुसरीकडे करू. आकडे आणि मापं द्या, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या गावच्या दराने हिशोब मांडता येईल.

सुरुवात मी करतो. सपाट भागात अनुदान १.२० लाख, डोंगराळ आणि दुर्गम भागात १.३० लाख. दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने वर ५० हजार दिले. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सौर संच बसवला तरच. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये. शौचालयाचे १२ हजार वेगळे. घराचं क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट.

सौर आणि शौचालयाचे पैसे त्या त्या कामालाच जातात. ते बाजूला ठेवले तर भिंती-छतासाठी हातात येतात १,८३,०८० रुपये.

मोजपट्टी

चांगला धागा. मी एका नमुन्याचा हिशोब मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

घर बाहेरून २० × १४ फूट, २८० चौरस फूट. पुढची खोली साधारण १० × साडेबारा, मागे स्वयंपाकघर ८ × साडेबारा, मध्ये एक भिंत. बाहेरच्या भिंती ९ इंची. मधली भिंतही ९ इंचीच धरा, साडेचार इंची नको. स्लॅब त्या भिंतीवर टेकला की गाळा (दोन आधारांमधलं अंतर) १० फुटांचा राहतो आणि साडेचार इंचांचा स्लॅब पुरतो. मधली भिंत बारीक केली की स्लॅबचा गाळा साडेबारा फुटांचा होतो, जाडी वाढवावी लागते, नाही तर पोटात बाक येतो. विटांचे दोन-तीन हजार वाचवायला जाऊन स्लॅबमध्ये त्याहून जास्त जातात.

साहित्य असं बसतं: पायासाठी अडीच फूट रुंद, साडेतीन फूट खोल चर, खोदाई सुमारे साडेसहा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). डबर (पायाचा ओबडधोबड दगड) ८ ब्रास. जोत्यात भरायला मुरूम ५ ब्रास (ठोकल्यावर चार होतो, हे लक्षात ठेवून मागवा). विटा ७ हजार, फूटतूट धरून. सिमेंट सव्वाशे पोती. वाळू साडेसहा ब्रास. खडी ३ ब्रास. सळई साडेतीन क्विंटल.

आता भाव. ते जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून मी धरलेला भाव सोबत लिहितो. वीट ७ रुपये नग: ४९ हजार. सिमेंट ३७० रुपये पोतं: ४६ हजार २५०. सळई ६० रुपये किलो: २१ हजार. डबर २,५०० ब्रास: २० हजार. मुरूम ६ हजार. खडी साडेदहा हजार. वाळूचे ८ हजार (पाच ब्रास मोफत मिळते, पण वाहतूक आणि उरलेली दीड ब्रास खिशातून). सेंट्रिंग ११ हजार. दारं-खिडक्या १८ हजार. वीज आणि नळ ८ हजार. मजुरी २२० रुपये चौरस फुटाने ६१ हजार ६००.

बेरीज २ लाख ५९ हजार ३५०. हातात येणार १ लाख ८३ हजार. फरक साधारण ७६ हजारांचा. हा आकडा कुदळ मारायच्या आधी घरातल्या सगळ्यांसमोर मांडला पाहिजे.

नमुना_आठ

मोजपट्टी, हिशोब पटला. पण ७६ हजारांपेक्षाही जास्त घात करतो तो पैसा येण्याचा क्रम. अनुदान एकरकमी मिळत नाही. मंजुरीनंतर पहिला हप्ता १५ हजार. दुसरा जोतं झाल्यावर, तिसरा लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) आणि छताच्या टप्प्यावर, शेवटचा घर पूर्ण झाल्यावर. पुढच्या हप्त्यांची विभागणी मध्यंतरी बदललेली आहे, तेव्हा शेजाऱ्याला किती मिळाले ते न विचारता आपल्या पंचायत समितीतून आपल्या मंजुरीचं पाहावं.

प्रत्येक टप्प्यावर ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येऊन आवास ॲपवर जिओ-टॅग फोटो काढतो, मग मागणी वर जाते, मग पैसे खात्यात. म्हणजे काम आधी, पैसा नंतर.

मोजपट्टी

बरोबर, तेच मोजून दाखवतो. वरच्याच घराचं फक्त जोतं: डबर २० हजार, सिमेंट ४८ पोती म्हणजे पावणेअठरा हजार, मुरूम ६ हजार, खडी ४ हजार, जोत्याच्या पट्ट्याची सळई ४ हजार, गवंडी-बिगारी १८ हजार. वाळूची वाहतूक सोडूनही ७० हजारांच्या घरात जातं. हातात १५. हे मधले ५५ हजार कुठून आणायचे, याचं उत्तर नसताना जुनं घर पाडणं म्हणजे कुटुंबाला उघड्यावर बसवणं.

गटसखी

५५ हजारांचं उत्तर बहुतेक ठिकाणी महिना ५ टक्क्यांनी शोधलं जातं. ४० हजार उचलले तर महिन्याला २ हजार नुसतं व्याज. हप्ता तीन महिने लांबला की ६ हजार गेले, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच ४० हजार बचत गटातून महिना एक टक्क्याने घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये. उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) गट जवळपास प्रत्येक गावात आहेत. पण गट मागितल्या दिवशी पैसे देत नाही, बैठकीत ठराव लागतो, आधीची परतफेड नीट लागते. म्हणून मंजुरी यादीत नाव दिसलं की त्याच महिन्याच्या बैठकीत विषय मांडायचा. एका गटात तीन-चार घरकुलं असतील तर बायका आपसात क्रम लावू शकतात: एकीचा दुसरा हप्ता आला की तिने गटाला परत करायचे, ते पुढचीला द्यायचे. तेच पैसे वर्षात तीन जोत्यांना पुरतात.

आणि ताईंनो, कागदावर नाव बघा. घर बाईच्या नावाने किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने मंजूर होतं. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला (घरपट्टीच्या नोंदवहीत) बऱ्याचदा एकट्या पुरुषाचं नाव राहून जातं. घर पूर्ण झाल्यावर अर्ज देऊन दोघांची नावं लावून घ्या. दारू, आजारपण, भाऊबंदकीचा वाद, अशा वेळी त्या एका ओळीवर बाई आणि तिची मुलं त्या घरात टिकून राहतात.

पायाड

५५ हजार कमी करायचे मार्ग आहेत, आणि एकही मार्ग काम कच्चं करणारा नाही.

जुन्या घराचा डबर असतो. मराठवाड्यात, नगरकडे जुन्या दगडी-मातीच्या भिंती असतात, त्यातून चार-पाच ब्रास सहज निघतो. माती झटकून, धुऊन घ्यायचा. मातीचा लेप असलेला दगड सिमेंट धरत नाही. पाच ब्रास निघाला तर साडेबारा हजार वाचले. पण जागा असेल तर जुनं घर आधी पाडू नका. बाजूला नवं जोतं उठवा, जुन्यातली एकच भिंत किंवा पडवी उतरवून दगड घ्या, राहती खोली शेवटी.

चर घरच्यांनी खोदायचे. साडेसहा ब्रास माती म्हणजे दोन माणसांचं आठ-दहा दिवसांचं काम. ते रोजगार हमीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) लागलं पाहिजे. मस्टर काम सुरू व्हायच्या आधी निघतं, झालेल्या कामावर मागून निघत नाही. ग्रामरोजगार सेवकाकडे आधी मागणी लिहून द्या. हे २८ हजार बुडतात ते इथेच.

वाळूच्या पाच ब्रासची मागणी मंजुरी मिळाल्याबरोबर तहसीलकडे लागली पाहिजे. वाळू यायला वेळ लागतो. वाळू नाही म्हणून गवंडी बसून राहिला तर त्याची उचल अंगावर येते.

गवंड्याला पूर्ण घर ठोक देऊ नका. टप्प्याने द्या: जोतं, मग लिंटेल, मग स्लॅब, मग गिलावा. प्रत्येक टप्प्याचे पैसे काम झाल्यावर. एकाच गावात तीस-चाळीस घरकुलं एकदम निघतात तेव्हा गवंडी चार ठिकाणी उचल घेऊन कुठेच पुरा होत नाही. उचल ५ हजारांवर जाऊ देऊ नये.

चिरेबंदी

कोकणातलं वेगळं आहे, म्हणून जोडतो. आमच्याकडे डबर आणि विटांच्या जागी जांभा चिरा. चिरा घेताना ताजा काढलेला ओला चिरा लगेच लावू नये. उघड्यावर काही दिवस ठेवला की घट्ट होतो. वाजवून बघा, ठिसूळ असेल तर कोपरे हातात येतात. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी स्लॅबला आणि पट्ट्याला वापरू नका, मिठाने सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचा पोपडा पडतो.

छताला अजूनही कौल हा चांगला पर्याय आहे. वळचण भिंतीबाहेर दोन-अडीच फूट काढा. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात भिंतीला खरी ओल बाजूने झोडपणाऱ्या सरींची येते.

कोरडवाहू

पायाड, काळ्या मातीचं सांगा. लातूर, परभणी, हिंगोली, जालना इकडे घरकुलाच्या भिंतींना पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा जातात.

पायाड

हो, ही भेग बघितली की पाया कळतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर हलकं असतं, त्यामुळे माती त्याला सहज उचलते आणि सोडते. एक कोपरा वर, दुसरा खाली, की खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून, जिथे भिंत सगळ्यात कमजोर असते, तिथून तिरकी भेग.

पहिला नियम, साडेतीन फुटांवर थांबायचं नाही, मुरूम लागेपर्यंत जायचं. पहारीचा आवाज बदलतो, माती चिकटायची थांबते, पिवळसर-तांबूस कण दिसतात, तो मुरूम. चार-साडेचार फुटांवर लागला तर ठीक, जास्तीचा एक फूट डबर वाढेल. पाच-सहा फुटांवरही काळीच असेल तर दगडी पाया सोडून अभियंत्याला विचारून कॉलम किंवा पाईलचा पाया घ्या. तिथे अंदाजाने काम करू नये.

दुसरं, चरातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरायची नाही. मजूर आळस करतात, समोर ढीग असतो, तोच आत लोटतात. मग वर्षभरात कोबा मध्येच फुगतो. आत मुरूमच, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस.

तिसरं, जोत्याच्या माथ्यावर सिमेंट काँक्रीटचा पट्टा, ९ इंच रुंद, ६ इंच जाड, १० मिलिमीटरच्या चार सळया, चारी कोपऱ्यांत सळई वाकवून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट नेलेली. लिंटेललाही असाच पट्टा पूर्ण भिंतभर फिरवा, नुसता दारावर तुकडा नको. दोन पट्ट्यांत सव्वा-दीड क्विंटल सळई जाते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाने जड दगड-मातीच्या, पट्टा नसलेल्या भिंतींचं काय होतं ते दाखवलंय. इथे पैसे वाचवू नका.

चौथं, घराभोवती तीन फूट रुंद उताराची फरशी किंवा कोबा. छताचं आणि मोरीचं पाणी पायाशी मुरता कामा नये. मोरीचा पाईप भिंतीलगत सोडलेला असेल तर तोच कोपरा आधी खचतो.

मोजपट्टी

पायाडच्या मुद्द्यांना पूर्ण सहमत. स्लॅबबद्दल तीन गोष्टी माझ्याकडून.

माल १:१.५:३. एका पोत्याला पाणी २५ ते २७ लिटर, जास्त नाही. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो म्हणून पाणी वाढतं. वाढलेलं पाणी उडून गेलं की मागे छिद्रं राहतात, आणि पहिल्या पावसात स्लॅब गळतो. बादलीवर खूण करून ठेवा आणि घरातल्या एका माणसाने फक्त पाण्यापाशी उभं राहावं. हे काम घरची मुलगीही चोख करते.

मधल्या भिंतीवरून जाणाऱ्या वरच्या सळया. ओतकाम चालू असताना घमेलीवाले त्यावरून चालतात, सळया दबून तळाला जातात. मग काही महिन्यांनी मधल्या भिंतीच्या बरोबर वर, स्लॅबच्या माथ्यावर सरळ रेघेत चीर पडते. खालच्या सळईखाली गट्टू (सिमेंटचे ठोकळे), वरच्या सळईला खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार), आणि चालायला फळ्या. गट्टू पाऊण इंचाचे, दोन दिवस आधी सिमेंटचे पाडून ठेवायचे. दगडाची कपची ठेवायची नाही.

तिसरं पाणी मारणं. स्लॅबवर मातीचे आळे करून दीड इंच पाणी उभं ठेवायचं तर या मापाच्या स्लॅबला एका वेळी साधारण हजार-अकराशे लिटर लागतं, वर रोजची भर. किमान १० दिवस, जमल्यास १४. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे पाणी कुठून आणणार? टँकरवर जगणाऱ्या वाडीत प्यायचं सोडून स्लॅबला कोणी घालणार नाही, आणि घालूही नये. म्हणून कामाचं वेळापत्रक उलटं मोजा: स्लॅब फेब्रुवारीत, लिंटेल जानेवारीत, जोतं डिसेंबरात, खोदाई दिवाळीनंतर लगेच. सोयाबीन-कापसाचे पैसेही त्याच सुमारास हातात असतात. मंजुरी उन्हाळ्यात आली तर घाईने मे महिन्यात पाया उघडू नका. काम पूर्ण करायला मंजुरीपासून १२ महिने असतात.

गटसखी

दिवाळीनंतर खोदाई हे ऊसतोड कुटुंबांना जमत नाही. बीड, धारूर, पाथर्डी, शिरूर कासार इकडची माणसं दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. त्यांचं घरकुल अर्धं राहण्याचं हे मोठं कारण आहे. याला काही तोड?

पायाड

आहे, पण ताई, दोन हंगामांत विभागून करावं लागतं. परत आल्यावर एप्रिल-मेमध्ये फक्त खोदाई, डबर आणि मुरूम. दगडी कामाला स्लॅबइतकं पाणी लागत नाही, ओलं पोतं आणि दिवसातून तीनदा शिंपण पुरतं. जूनच्या आत जोतं बंद. पावसाळ्यात मुरूम आपोआप बसतो, ते उलट चांगलं. या काळात जोत्याचा फोटो आणि दुसरा हप्ता. ऑगस्ट-सप्टेंबरात, निघायच्या आधी, भिंती आणि स्लॅब. तेव्हा विहिरींना पाणी असतं. ओतकामाला उघडीप बघायची, वर ताडपत्री तयार ठेवायची. आतला गिलावा आणि कोबा परत आल्यावर.

यात अट एकच: मजुरांची टोळी निघण्याआधी स्लॅब पडला पाहिजे. उघड्या भिंती सोडून गेलं तर माघारी विटा जागेवर राहत नाहीत.

गटसखी

हे छापून प्रत्येक मुकादमाच्या वस्तीवर लावावं असं आहे. कुलूप लावता येणारं घर नसतं म्हणून पोरंही फडावर जातात. पाचटाच्या कोपीला कुलूप कसलं लावणार? दार-कडी असलेली पक्की खोली झाली की आजी मुलांना घेऊन मागे राहू शकते, शाळा तुटत नाही. घर झाल्याने ऊसतोड थांबत नाही, उचलीचा फासही लगेच सुटत नाही. पण नातवंडं शाळेत राहतात आणि वर्षाचे दाणे उंदीर-पावसापासून वाचतात, या दोन गोष्टी पहिल्याच वर्षी घडतात.

नमुना_आठ

आता कागद. जागा नाही म्हणून ज्यांचं घरकुल मंजूर होऊनही अडतं त्यांच्यासाठी लिहितो, कारण गावातली सगळ्यात गरीब माणसं यातच असतात.

गावठाणात स्वतःची जागा असेल तर नमुना आठचा उतारा, किंवा स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. जागा वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र. हे तोंडी चालवू नका. जोतं दिसू लागलं की भावाचं मन बदलतं, तक्रार जाते, फोटो थांबतो.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. आधी ५० हजार मिळायचे, आता मर्यादा १ लाखाची आहे. खरेदी करताना रस्त्याला लागून आहे का, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे एका जोराच्या पावसात उभं राहून बघा. ओढ्याच्या काठची जागा स्वस्त असते त्याला कारण असतं.

सरकारी जागेवरचं जुनं निवासी अतिक्रमण १ जानेवारी २०११ पूर्वीचं असेल तर नियमित करण्याचा मार्ग आहे. पुरावा म्हणून जुनी घरपट्टी पावती, वीजबिल, मतदार यादी जपून ठेवा. गायरानाचं मात्र अवघड. २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान निवासासाठी देणं जवळपास बंद आहे. तिथे जोतं घालून हप्ते अडकवून घेऊ नका, आधी लेखी विचारा.

प्रधानमंत्री आवासच्या यादीत नाव नसेल तर राज्याच्या योजना बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास (ही २०२३-२४ पासून तीन वर्षांसाठी जाहीर झाली होती, चालू आहे का ते विचारा). लोक एकाच यादीची वाट बघत वर्षं घालवतात.

कोरडवाहू

अपात्रतेबद्दल गैरसमज फार आहेत. दुचाकी आहे म्हणून नाव कापलं, असं अजून सांगितलं जातं.

नमुना_आठ

२०२४ मध्ये निकष सैल झाले. दुचाकी, फ्रीज, लँडलाइन फोन यावरून आता नाव कापलं जात नाही. मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. अपात्र ठरतं ते तीन-चारचाकी वाहन, यांत्रिक तीन-चारचाकी शेती अवजार, ५० हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकरी, आयकर किंवा व्यवसाय कर भरणं, नोंदणीकृत बिगरशेती उद्योग, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू. जुन्या निकषांवर नाव कापलं असेल तर ग्रामसभेत आक्षेप नोंदवा आणि इतिवृत्तात आला की नाही ते वाचूनच सही करा.

आणखी एक, आणि हे नेहमीचं दुखणं आहे. हप्ता जमा झाला असं संगणक सांगतो, पण पासबुकात नाही. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना किंवा गॅस जोडणीच्या वेळी दुकानदाराने कधीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, आधार तिथे जोडलेला असतो, आणि घरात कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिल्या हप्त्याआधीच आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती (आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते) बघा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत अर्ज देऊन एनपीसीआयची (राष्ट्रीय देयक महामंडळाची) जोडणी बदलून घ्या. बदल दिसायला काही दिवस जातात, म्हणून जोतं पूर्ण व्हायची वाट बघू नका.

फोटो काढायला, हप्ता सोडायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

भाकरतवा

वाचनखूण साठवली. शहरातल्या कामगारांसाठी असं काही उभं राहिलेलं आहे का? गावाकडे निदान जागा तरी असते.

कोरडवाहू

सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर बघा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक यांच्यासाठी ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला दिला गेला. त्याआधी त्याच भागात विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली होती. तिथलं मर्म असं की कामगारांनी संस्था करून एकत्र जमीन घेतली. शहरात एकट्या कुटुंबाला जमिनीचा भावच मारतो. त्यावर वेगळा धागा काढायला हवा, इथे विषय फुटेल.

भाकरतवा

बरोबर. मग एकच प्रश्न. ७६ हजार कमी पडत असतील तर स्लॅबऐवजी पत्रा टाकून किती वाचतील?

मोजपट्टी

वाटतं तेवढे वाचत नाहीत. स्लॅबचं सिमेंट २७ पोती, सळई दोन क्विंटल, खडी, सेंट्रिंग मिळून ३७ हजारांच्या आसपास. पत्रे, लोखंडी पाईप आणि हुक मिळून ३० हजार तरी जातात. वाचले सात-आठ हजार, आणि मजुरीत थोडे. बदल्यात मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही आणि वादळात पत्रा उडायची भीती. त्यापेक्षा बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षावर टाका, सांधे मात्र आताच नीट भरून घ्या. सिमेंट आणि मजुरी धरून पत्र्याइतके पैसे तिथेच वाचतील. जुन्या घराचं दार चांगलं असेल तर तेच बसवा. आणि माप वाढवू नका. २८० ऐवजी ४५० फुटांचं जोतं घातलं की दीडपट साहित्य लागतं, अनुदान तेवढंच राहतं. अर्धवट पडलेल्या घरकुलांचं माप घेतलं तर बहुतेक ठिकाणी जोतंच मोठं निघतं.

पुढे खोली वाढवायची इच्छा असेल तर मागच्या भिंतीत पट्ट्याच्या सळया फूटभर बाहेर सोडा, त्यावर कमकुवत मालाचा लेप देऊन झाका, म्हणजे गंजणार नाहीत. जिना-मजल्याची इच्छा असेल तर ते पायाच्या आधीच अभियंत्याला सांगा.

गटसखी

पायाड, शेवटची एक शंका. बाया चरावर कामाला असतात, गवंडी काटकोन बरोबर धरतोय की नाही हे त्यांना कसं तपासता येईल?

पायाड

ताई, दोरी आणि टेप पुरते. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ८ फुटांवर खूण. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १० फूट आलं तर काटकोन. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. २० × १४ च्या घराला दोन्ही २४ फूट ५ इंच यायला हवेत. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चुना टाकू देऊ नका, खुंट्या हलवायला सांगा. आणि चारी कोपऱ्यांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते आधी पाहून.